मालक दुकानाची दुरुस्ती करत नाही? दिल्ली-एनसीआरमधील भाडेकरू व्यावसायिकांचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

तुम्ही दिल्लीत भाड्याच्या गाळ्यात व्यवसाय करता. मुद्रा योजनेतून कर्ज घेऊन माल भरला आहे, किंवा पीएम विश्वकर्मा योजनेतून अवजारे आणि भांडवल मिळाले आहे. पावसाळा आला की छत गळते, भिंतीला ओल येते, गिलाव्याचे तुकडे खाली पडतात. मालकाला सांगितले की उत्तर ठरलेले असते : "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कसली? परवडत नसेल तर जागा सोडा."

अशा वेळी बहुतेक भाडेकरू दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण भाडे देणे बंद करतात. काही जण स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून घेतात आणि नंतर पैसे मागतात. दोन्हींमध्ये नुकसान भाडेकरूचेच होण्याची शक्यता जास्त असते. कायद्याने तुम्हाला हक्क दिला आहे, पण तो लेखी नोटिशीपासून सुरू होतो. तो किती मोठा आहे, हे तुमचे भाडे आणि तुमची जागा कोणत्या राज्यात आहे यावर ठरते.

हा विषय आता का महत्त्वाचा आहे?

दिल्लीतील जुन्या बाजारपेठांमधील अनेक इमारती स्वातंत्र्यापूर्वीच्या आहेत. कॅनॉट प्लेस १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून पूर्ण झाले. तेथे फेब्रुवारी २०१७ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन ठिकाणी छताचे भाग कोसळले. त्यानंतर नवी दिल्ली नगरपालिका परिषदेने गच्चीवरील रेस्टॉरंटवर कारवाई केली. राजधानीच्या सर्वांत महागड्या बाजारात ही स्थिती असेल, तर चांदणी चौक, सदर बाजार किंवा करोल बाग येथील गल्ल्यांमधल्या गाळ्यांची कल्पना तुम्हाला करता येईल.

८ डिसेंबर २०१९ रोजी राणी झाशी मार्गाजवळच्या अनाज मंडी भागात एका इमारतीला आग लागून ४३ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीत छोटे कारखाने चालत होते आणि कामगार तेथेच झोपत होते. म्हणजे प्रश्न केवळ भिजलेल्या मालाचा नाही. जेथे तुम्ही, तुमचे कुटुंबीय आणि तुमचे कारागीर दिवसाचे बारा तास बसतात, त्या जागेच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे.

मराठी वाचकांसाठी हा विषय जवळचा आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी अनेक कुटुंबे देशभर गेली, त्यातली काही दिल्लीतही आली. हा व्यवसाय सराफ बाजाराला लागून, जुन्या इमारतींतील लहान खोल्यांमध्येच चालतो. गावाकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तेथे ऐकलेले नियम दिल्लीत लागू होत नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

पहिला प्रश्न : तुमचे मासिक भाडे ३,५०० रुपयांपेक्षा जास्त आहे का?

दिल्लीत आजही मुख्य कायदा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा, १९५८ हाच आहे. त्याच्या जागी संसदेने १९९५ मध्ये नवा कायदा मंजूर केला होता. त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो कधीच लागू झाला नाही.

१९५८ च्या कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून ज्या जागेचे मासिक भाडे ३,५०० रुपयांपेक्षा जास्त आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. सरकारच्या मालकीच्या जागांनाही तो लागू नाही. ही मर्यादा नंतर वाढवली गेली नाही. त्यामुळे आज दिल्लीत एकाच गल्लीत दोन प्रकारचे भाडेकरू दिसतात. एक, जुना भाडेकरू, ज्याचे भाडे काही शे रुपये आहे आणि ज्याला कायद्याचे संरक्षण आहे. दुसरा, अलीकडे आलेला, जो महिना १५ ते २० हजार देतो, पण ज्याला या कायद्याचा आधार नाही.

भाडे ३,५०० रुपये किंवा त्याहून कमी असेल तर

कलम ४४ तुमच्यासाठी आहे. जागा चांगल्या आणि वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे, असे हे कलम स्पष्ट सांगते. ते घर आणि दुकान असा भेद करत नाही. मालकाने ते केले नाही तर तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, किरकोळ दुरुस्तीसाठी. मालकाला लेखी नोटीस द्या. वाजवी मुदतीत त्याने काम केले नाही, तर तुम्ही स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-बारांश, म्हणजे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. यासाठी न्यायालयाची परवानगी लागत नाही.

दुसरा मार्ग, मोठ्या दुरुस्तीसाठी. दुरुस्तीशिवाय जागा वापरणेच कठीण झाले असेल आणि लेखी नोटीस देऊनही मालक हलत नसेल, तर भाडे नियंत्रकाकडे अर्ज करा. सोबत खर्चाचा अंदाज जोडा. नियंत्रक मालकाचे म्हणणे ऐकतो, आवश्यक ती चौकशी करतो आणि किती खर्चापर्यंत दुरुस्ती करता येईल हे आदेशात लिहितो. या मार्गाने वर्षाला निम्म्या भाड्यापर्यंत रक्कम वळती करता येते. काम त्याहून मोठे असेल आणि वरचा खर्च सोसायला तुम्ही तयार असाल, तर नियंत्रक तशीही परवानगी देऊ शकतो.

भाडे नियंत्रकाचे न्यायालय तुमच्या जिल्ह्याच्या न्यायालय संकुलात असते. मध्य दिल्लीसाठी तीस हजारी, तर नवी दिल्ली जिल्ह्यासाठी पटियाला हाऊस.

आता हिशेब करून पाहू. समजा तुमचे भाडे महिना ५०० रुपये आहे. वर्षाचे भाडे ६,००० रुपये. पहिल्या मार्गाने वर्षाला ५०० रुपये आणि दुसऱ्या मार्गाने ३,००० रुपये वळते करता येतात. भाडे ३,००० रुपये असेल तर हेच आकडे ३,००० आणि १८,००० रुपये होतात. लोखंडी गर्डर आणि दगडी फरश्यांचे जुने छत बदलायचे असेल, तर ही रक्कम पुरणार नाही हे उघड आहे.

म्हणजे ज्याला कायदा सर्वांत जास्त संरक्षण देतो, त्याच्या हातात दुरुस्तीसाठी सर्वांत कमी पैसे येतात. मालकालाही तुटपुंज्या भाड्यातून मोठा खर्च करण्यात रस नसतो. इमारत जितकी मोडकळीस येईल, तितका भाडेकरू कंटाळून निघून जाण्याची शक्यता वाढते. म्हणून कलम ४४ कडे केवळ पैसे वळते करण्याचे साधन म्हणून पाहू नका. नियंत्रकाच्या आदेशाने तीन गोष्टी नोंदीवर येतात : तुमची भाडेकरू म्हणून ओळख, जागेची खरी स्थिती आणि मालकाला दिलेली सूचना. पुढे वाद वाढला तर या नोंदी खर्चाच्या रकमेपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मालकाने दबाव आणण्यासाठी पाणी, वीज, जिन्यातला दिवा किंवा सफाई बंद केली, तर कलम ४५ खाली नियंत्रकाकडे तक्रार करता येते. या सेवा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेशही मिळू शकतो.

भाडे ३,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल तर

येथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ आणि तुमचा भाडेकरार लागू होतो. या कायद्याच्या कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती करणे मालकाला बंधनकारक आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. येथे एक-बारांशाची किंवा निम्म्याची मर्यादा नाही.

पण "बंधनकारक" हा शब्द नीट वाचा. सर्व दुरुस्ती मालकानेच करावी, असे हा कायदा स्वतःहून म्हणत नाही. ते बंधन बहुतेक वेळा करारातून येते. करारात दुरुस्तीबद्दल एक शब्दही नसेल, किंवा "सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी" असे छापील वाक्य असेल, तर तुमची बाजू कमकुवत होते. म्हणून करार करताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी हे वाक्य मागून घ्या : छत, भिंती, खांब, जिना, सांडपाण्याची मुख्य नळी आणि मुख्य वीजवाहिनी यांची दुरुस्ती मालकाने स्वखर्चाने करावी.

दुसरी जोखीम मुदतीची आहे. करार नोंदणीकृत नसेल आणि भाडे महिन्याच्या महिन्याला चालत असेल, तर मालक १५ दिवसांच्या नोटिशीने भाडेकरार संपवू शकतो. दुरुस्तीचा वाद सुरू करण्यापूर्वी तुमच्या करारात मुदत किती उरली आहे, हे तपासा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. ११ महिन्यांचे करार याच नोंदणीतून सुटण्यासाठी केले जातात, पण त्यामुळे तुमचे संरक्षणही ११ महिन्यांपुरतेच राहते.

तुमचे दुकान नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम किंवा फरिदाबादमध्ये असेल तर

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. या नमुन्यात दुरुस्तीची जबाबदारी यादी करून वाटून दिली आहे. बांधकामाची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळजोडणीच्या वाहिन्या आणि वीजवाहिन्या मालकाकडे. नळ, वॉशर, स्विच, कुलपे, खिडकीच्या काचा आणि नाली सफाई भाडेकरूकडे. मालकाने आपल्या वाट्याचे काम नाकारले तर भाडेकरू ते करून खर्च वळता करू शकतो, पण एका महिन्यात निम्म्या भाड्यापेक्षा जास्त नाही. दुकाने आणि व्यापारी जागा या नमुन्यात येतात, औद्योगिक वापराच्या जागा येत नाहीत.

नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात आहेत. उत्तर प्रदेशाने याच धर्तीवर २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला असून तक्रारीसाठी भाडे प्राधिकरण नेमले आहे. तेथे लेखी करारावर मोठा भर आहे, त्यामुळे तोंडी व्यवहारावर राहू नका.

गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात आहेत. तेथे १९७३ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. मालक आवश्यक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरू नियंत्रकाकडे अर्ज करून दुरुस्तीची आणि खर्च वळता करण्याची परवानगी मागू शकतो. बांधकामाच्या रचनेतील बदल यात येत नाहीत.

महापालिकेची "धोकादायक इमारत" नोटीस आली तर

हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. दिल्ली महानगरपालिका कायदा, १९५७ च्या कलम ३४८ नुसार आयुक्त धोकादायक इमारत पाडण्याचा, तिला आधार देण्याचा किंवा तिची दुरुस्ती करण्याचा आदेश मालकाला किंवा वापरणाऱ्याला देऊ शकतात. कलम ३४९ नुसार इमारत रिकामी करण्याचाही आदेश होऊ शकतो. पावसाळ्यापूर्वी महापालिका जुन्या इमारतींची पाहणी करते, तेव्हा अशा नोटिसा निघतात.

नोटीस खरी असेल आणि धोका दिसत असेल, तर आधी माणसे बाहेर काढा. हक्काचा वाद बाहेर उभे राहूनही लढता येतो. पण जागा सोडताना या गोष्टी विसरू नका.

नोटिशीची प्रत घ्या आणि ती नीट वाचा. "दुरुस्ती करा" आणि "पाडा" यात मोठा फरक आहे. इमारत दुरुस्त होऊ शकते असे तुम्हाला वाटत असेल, तर परवानाधारक स्ट्रक्चरल अभियंत्याचा अहवाल घेऊन महापालिकेकडे लेखी हरकत नोंदवा.

कलम ३४९ खाली जागा सोडावी लागली, तर आदेशाची मुदत संपल्यावर पुन्हा ताबा मिळण्यासाठी आयुक्तांकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. परिस्थिती तशी असेल तरच ताबा मिळतो, पण अर्ज न करणाऱ्याचा विचारच होत नाही.

मालकाने दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी जागा रिकामी मागितली आणि तुम्ही १९५८ च्या कायद्याखालील भाडेकरू असाल, तर त्याला नियंत्रकाचा आदेश घ्यावा लागतो. त्या वेळी "काम झाल्यावर मला परत जागा हवी" असे तुम्ही सांगितले, तर कलम २० नुसार ते आदेशात नोंदवले जाते. मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवून नुसती किल्ली देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. केवळ इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ नवा गाळा लगेच मिळेल असा नाही. पण "इमारत गेली, आता तुझा काय संबंध?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे.

जुन्या दिल्लीचा मोठा भाग गलिच्छ वस्ती क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. अशा भागात १९५६ च्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, भाडेकरूला काढण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तुमचा गाळा या क्षेत्रात येतो का, हे वकिलाला जरूर विचारा.

नोटीस कशी द्यावी?

नोटीस हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. त्यात एवढे असावे : जागेचा पत्ता, मासिक भाडे, कोणती दुरुस्ती हवी, ती कधीपासून प्रलंबित आहे, त्यामुळे काय नुकसान किंवा धोका आहे, काम किती दिवसांत व्हावे आणि न झाल्यास तुम्ही कायद्यानुसार पुढची पावले उचलाल. "वाजवी मुदत" म्हणजे किती दिवस, हे कलम ४४ सांगत नाही. कोसळण्याचा धोका असेल तर मुदत कमी द्या, साध्या कामासाठी १५ ते ३० दिवस द्या. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरही पाठवा, पण केवळ त्यावर अवलंबून राहू नका.

सोबत तारीख दिसणारी छायाचित्रे काढा आणि खर्चाची दोन-तीन दरपत्रके घ्या. तुमच्याकडे भट्टी, आम्ल किंवा जड यंत्र असेल, तर "नुकसान तुमच्या कामामुळेच झाले" असा दावा मालक करू शकतो. भाडेकरूने जागेचे मोठे नुकसान केले, हे जागा रिकामी करून घेण्याचे कारण ठरू शकते. म्हणून नुकसानीचे कारण अभियंत्याकडून लिहून घ्या.

भाडे का थांबवू नये?

१९५८ च्या कायद्यात थकबाकी हे जागा रिकामी करून घेण्याचे पहिलेच कारण आहे. मालकाने मागणीची नोटीस दिल्यापासून दोन महिन्यांत भाडे दिले नाही, तर तो प्रकरण दाखल करू शकतो. म्हणजे गळक्या छताचा वाद थकबाकीचा वाद बनतो आणि चूक तुमची ठरते. मालक भाडे घेत नसेल किंवा पावती देत नसेल, तर कलम २७ नुसार ते नियंत्रकाकडे जमा करता येते. भाडे ३,५०० रुपयांच्या वर असेल तर बँकेमार्फत पाठवा, म्हणजे पुरावा राहतो.

योजनेचे कर्ज असेल तर

मुद्रा किंवा पीएम विश्वकर्मा कर्जाचा हप्ता दुकान बंद असले तरी थांबत नाही. जागा सोडण्याची वेळ आली तर बँकेला आधीच लेखी कळवा. कर्जातून घेतलेला माल बँकेकडे तारण असेल, तर तो दुसरीकडे हलवण्यापूर्वी हे आवश्यक आहे. मालाचा विमा आहे का आणि त्यात पाणी शिरणे किंवा इमारत कोसळणे येते का, हे शाखेत विचारा. पत्ता बदलल्यास उद्यम नोंदणीत बदल करा. जीएसटी नोंदणी असेल तर १५ दिवसांत बदल कळवा. व्यवसायाचे कर्ज मालकाच्या छतावर खर्च करू नका. नोटीस किंवा आदेश नसेल तर ते पैसे परत मिळवणे फार कठीण असते.

मदत कोठे मिळेल?

• महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी दिल्लीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरण : १५१६. देशभरासाठी : १५१००.

• धोकादायक इमारतीची तक्रार : दिल्ली महानगरपालिका १५५३०५, नवी दिल्ली नगरपालिका परिषद १५३३.

• इमारत कोसळून शेजारी किंवा रस्त्यावरच्या लोकांना इजा होण्याचा धोका असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते मालकाला दुरुस्तीचा किंवा आधार देण्याचा आदेश देऊ शकतात. हा मार्ग भाडे कितीही असले तरी खुला आहे.

• तातडीच्या प्रसंगी ११२ वर फोन करा.

या आठवड्यात एवढे करा : भाड्याच्या पावत्या आणि करार एका फाइलमध्ये ठेवा, गळतीची छायाचित्रे काढा आणि नोटीस टपालात टाका. पाऊस सुरू होण्यापूर्वी पाठवलेली नोटीस पुढे नियंत्रकासमोर, बँकेत आणि विमा कंपनीकडेही तुमच्या बाजूने बोलेल.